पिवळ्या फुलांचा बांध

भुवनेश्वरीचं पाथरीशी वैर होतं असं कुणी म्हणू नये. तिच्या माहेरी, हुलसूरला, हीच भाजी हक्करकी म्हणून ताटात यायची, कच्चीच, मीठ आणि कांदा लावून, आणि ती स्वतः भाकरीबरोबर पसापसा खायची. पण ताटातली पाथरी वेगळी आणि हरभऱ्यातली वेगळी. दुबलगुंडीजवळच्या या शेताचा सगळा कारभार तिच्या गळ्यात होता. नवरा नागेंद्र टेम्पोवर, आठवड्यातले चार दिवस कलबुर्गीच्या वाटेवर. खुरपायला बाई मिळत नाही, मिळाली तर दहाला येते आणि चारला कंबर धरून उठते. आणि पूर्वेच्या बांधावर ही पाथरी मजेत पसरलेली.

दिसायला अगदी गरीब. दातेरी पानं जमिनीला चिकटवून गोल बसलेली, वर लवलवत्या काड्या, काडीच्या टोकाला पिवळं फूल. उपटायला जावं तर पानं हातात येतात आणि गाजरासारखी खोल गेलेली मुळी खाली तशीच राहते. पंधरवड्यात पुन्हा हजर. भुवनेश्वरीनं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं होतं. ते एक फूल नसतं, बारीक फुलांचा गुच्छ असतो, प्रत्येकाची एक बी आणि प्रत्येक बीला कापसाची छत्री, हे तिला पाठ होतं. म्हणजे एका फुलात वीस-पंचवीस वैरी. वारा सुटला की त्या पांढऱ्या म्हाताऱ्या उडत उडत हरभऱ्यात उतरायच्या.

सासूला, यल्लम्माला, तिनं दोनदा विचारून पाहिलं होतं. "आत्या, बांधाला औषध मारू का गवताचं?"

"बाकी कुठंबी मार. त्या बांधाला हात लावू नगंस. तितं पाथरी हाय." यल्लम्माचं बोलणं असं कुऱ्हाडीनं तोडल्यासारखं.

पण दसऱ्यापासून यल्लम्माचे गुडघे धरले होते, शेताकडं ती फिरकली नव्हती. त्यात नणंद मल्लेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. म्हातारी घरात नातीच्या मागं, बांध बघायला येणार कोण? सोमवारी सकाळी भुवनेश्वरी शेतात उभी होती. ऊन नुकतंच तापायला लागलं होतं आणि पूर्वेचा बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळाधमक झाला होता. तिनं तिथूनच पप्पूला फोन लावला. पप्पू घाटबोरळकडचा, भाड्यानं पंप घेऊन गावोगाव औषध मारत फिरणारा. हे शेत त्यानं एकदाच, तेही लांबून पाहिलं होतं.

"हरभऱ्याच्या कडंचा बांध. पिवळी फुलं आल्यात बघ, लांबनं दिसतंय. तेवढाच मार. दुसरीकडं थेंब पडू देऊ नगंस."

"जेवून येतो वहिनी. तुमी काळजीच करू नगा," पप्पू म्हणाला. काळजी करू नका असं सांगणाऱ्या माणसापासून जगातली अर्धी काळजी सुरू होते, पण हे तेव्हा कुणाला कळतं? संध्याकाळी त्याचा निरोपही आला: काम झालं वहिनी, एक नंबर. भुवनेश्वरीनं सासूला वाढताना भाकरीवर लोणी जरा जास्तच घातलं.

मंगळवारी तिला बचत गटाच्या बैठकीला जायचं होतं. परत आली तेव्हा दुपार कलायला लागली होती. ओसरीत पाऊल टाकते तो मल्लेश्वरी बाळंतिणीच्या खाटेवर मांडी घालून बसलेली, पुढं ताट. ताटात शेंगदाण्याची चटणी, भाकरीचा शेवटचा तुकडा आणि पाथरीची चार पानं उरलेली.

"वैनी, लवकर यायचं की! आई आज हक्करकी आनली. दोन भाकरी खाल्ले मी."

भुवनेश्वरीच्या खांद्यावरची पिशवी कोपरापर्यंत घसरली. "कुठून आनली?"

"कुठून म्हंजे? बांधावरनं," आतून यल्लम्माचा आवाज आला. मागोमाग तीही आली, भिंतीला धरत, पण चेहऱ्यावर गड जिंकल्याचं तेज. "सकाळी काठी घेतले न गेले हळूहळू. लेकरू रात-दिस रडायलंय, आईला दूध पुरंना. पाथरीसारखं दूध उतरवणारं दुसरं काय न्हाई. पान तोडलं की पांढरंशिप्पट दूध येतंय बग, तसंच."

"धुतली का?"

"आँ?"

"भाजी, आत्या. धुतली का?"

"धुतले की, दोन पान्यानं. तू कामून अशी बघायलीस? तुज्या हिश्शाचं ठिवलंय, खा."

मल्लेश्वरीच्या कुशीत बाळ होतं. दहा दिवसांची पोर, मूठभर. नुकतीच पिऊन झोपली होती, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. भुवनेश्वरीनं त्या थेंबाकडं पाहिलं. काल औषध मारलं. आज सकाळी म्हातारीनं तीच पानं खुडली. मल्लीनं खाल्ली. मल्लीच्या अंगातून ते दुधात, दुधातून या पोरीत. एवढा सरळ रस्ता होता तो.

बोलावं तर त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण तिचं तोंड उघडेना. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. यल्लम्मा त्यावरून कधी एक शब्द बोलली नव्हती, पण गावाचं तोंड कोण धरणार? 'स्वतःला मूल नाही, म्हणून नणंदेच्या ताटात विष घातलं.' ही बातमी कोहिनूरला, मल्लीच्या सासरी, जेवणं उरकायच्या आत पोचली असती.

तिनं परसात जाऊन पप्पूला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. त्याच्या बायकोचा नंबर लावला तर ती म्हणाली, पंपाची मोटर जळाली, हुमनाबादला गेल्यात, मोबाईल मेला असंल. हा बाबा एरवी दिवसभर गाणी वाजवत हिंडतो, आजच मेला त्याचा मोबाईल.

"आलेच," एवढंही कुणाला न सांगता ती शेताकडं निघाली. चालत निघाली ती अर्ध्या वाटेत पळायलाच लागली.

पूर्वेच्या बांधावर एकही फूल नव्हतं. काल सकाळी पिवळाधमक असलेला बांध आज दुपारी नुसता हिरवा-करडा. काड्यांच्या टोकाला कळ्यांसारखं काहीतरी मिटलेलं, बारीक, टोकदार. मेली फुलं, भुवनेश्वरीच्या मनात आलं. औषधानं मेली. मध्ये मध्ये यल्लम्मानं विळ्यानं कापलेल्या जागा दिसत होत्या, मुळीच्या तोंडावर दूध सुकून तपकिरी झालेलं. कापलेल्या जागांच्या शेजारची पानं मात्र ताठ होती, पिवळी नाहीत, वाकडी नाहीत. पण औषधवाला दुकानदारच सांगतो ना, की दोन-चार दिवस काही दिसत नाही, मग एकदम बसतं? तिनं एक पान मोडलं. दूध आलं. दुसरं मोडलं. तिथंही आलं. मुळी जिवंत आहे तोवर येणारच, त्याचा काय पुरावा? मग ती गुडघ्यांवर बसली आणि शेळीसारखं नाक मातीला लावून हुंगू लागली. मातीचा वास, शेणाचा वास. औषधाचा येईना. तिला जरा धीर आला.

उठून ती पश्चिमेच्या बांधाकडं गेली. तिथं टोकाला तिचे सासरे बसवप्रभु होते. त्यांच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. आपल्याच शेतात, गळ्यातल्या लिंगासकट बसवून मातीत ठेवतात आणि वर दगडांचा कट्टा करतात. बसवप्रभूंचा कट्टा अजून बांधून काढायचा राहिला होता, नुसते दगड आणि त्यांत उगवलेलं गवत. भोवती मात्र शेवंती होती. म्हाताऱ्यानं जिवंतपणीच लावलेली, पिवळी, बांधाच्या अर्ध्या लांबीपर्यंत पसरलेली, आणि थंडीच्या दिवसांत नुसती फुललेली. 'मला या फुलांच्या उशाला ठेवा' असं ते सांगून गेले होते.

तिथं पोचली आणि तो वास आला. तिखट, रॉकेलसारखा, नाकात बसणारा. वारा पूर्वेकडून होता. म्हणजे त्या बांधावरून इकडं येतोय वास, तिनं ठरवलं. ज्याची भीती वाटते त्याला माणूस किती झटकन पुरावा शोधून देतो. तिचा उरलासुरला धीर तिथंच सुटला. ती दगडांपुढं हात जोडून रडायला लागली. "मामा, मी चुकले. तुमच्या नातीला सांभाळा. मला काय व्हायचं ते होऊ द्या, लेकराला सांभाळा."

घरी आली तर सगळं जसंच्या तसं, आणि तेच जास्त भयंकर. बाळ अजून झोपलेलं. एवढा वेळ झोपतं का? मल्लेश्वरीनं जांभई दिली. एरवी बाळंतीण जांभया देणारच, पण भुवनेश्वरीला त्या जांभईत गुंगी दिसली. मग बाळानं झोपेतच थोडं दूध ओकलं, फाटल्यासारखं. सगळी तान्ही पोरं ओकतात. मन चिंती ते वैरी न चिंती. "अंग गरम लागायलंय का गं?" तिनं विचारलं आणि मल्लेश्वरी हसली. "वैनी, तुला माझ्यापेक्षा जास्त काळजी! तूच हिची आई हो."

हे वाक्य तिला सुरीसारखं लागलं. मल्ली मनापासून बोलली होती, म्हणूनच लागलं. बाळ पहिल्या दिवसापासून भुवनेश्वरीच्या हातात गप्प व्हायचं. रात्री रडायला लागलं की मल्ली आईला नाही, वहिनीला हाक मारायची.

बाळ जागं झालं. आधी ओठ हलले, मग मुठी, मग तो बारीक, चिडका सूर. मल्लेश्वरीनं पदर सावरला आणि बाळाला जवळ घेतलं.

"थांब," भुवनेश्वरी म्हणाली. "पाजू नगंस."

"काय?"

"पाजू नगंस तिला. दे माझ्याकडं." तिनं बाळ जवळजवळ ओढूनच घेतलं. ते किंचाळायला लागलं. यल्लम्मा आतून लगबगीनं आली. आणि मग भुवनेश्वरीनं सगळं सांगून टाकलं, बाळाच्या रडण्यावर आवाज चढवून, जसं आलं तसं. काल औषध मारायला लावलं. पाथरीच्याच बांधाला. पप्पूचा निरोप आलाय. मी बघून आले. वास येतोय.

यल्लम्मानं भिंत धरली. "मी न्हाई म्हनले हुते का न्हाई तुला?"

"म्हनला हुताव."

"मंग?"

भुवनेश्वरीनं रडतं बाळ खांद्याशी धरलं. मल्लेश्वरीनं पदराच्या टोकानं आपली छाती पुसली, जोरजोरात, जणू वरूनच काही लागलं होतं. मग दोन्ही हात पुढं केले. "माझं लेकरू माझ्याकडं दे," ती म्हणाली. 'माझं' हा शब्द तिनं पहिल्यांदाच वापरला होता. भुवनेश्वरीनं बाळ दिलं.

हुमनाबादपर्यंत रिक्षात तिघी, आणि बोलत होतं ते एकटं बाळ, भुकेनं. डॉक्टर शांत माणूस होता. त्यानं बाळाला उलटं-सुलटं करून पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली, मल्लेश्वरीची नाडी बघितली. आत्ता तरी दोघी ठीक दिसतात, म्हणाला, पण कोणतं औषध होतं ते कळल्याशिवाय मी अंगावर पाजा म्हणणार नाही. बाटली आणा, नाहीतर नाव तरी सांगा. तोवर वरचं दूध. नर्सनं वाटी-चमचा आणला. बाळानं तोंड फिरवलं, दूध गळ्यावरून ओघळलं, पुन्हा तीच किंचाळी. भुवनेश्वरी बाहेरच्या बाकावर बसून पप्पूचा नंबर दाबत राहिली. तिला फक्त एवढंच हवं होतं, की हे लेकरू वाचावं. मग माहेरी धाडलं तरी ती पायी चालत गेली असती.

शेवटी पलीकडं घंटी वाजली.

"कोणतं औषध मारलास रे पप्पू? नाव सांग आधी!"

त्यानं नाव सांगितलं, मग बिचकून विचारलं, "कामून वहिनी? बसलं न्हाई का? आवो शेवंती जरा चिवट असतीया, दोन-तीन दिवस लागत्यात."

"शेवंती? कुठली शेवंती?"

"पिवळी. तुमीच म्हनलाव की पिवळ्या फुलांचा बांध. दुपारी गेलतो मी. अलीकडच्या बांधाला एक फूल न्हवतं, नुसतं गवत. पलीकडं मात्र पिवळंधमक. मला बी वाटलं, एवढी चांगली शेवंती कामून मारायल्यात? पर म्हनलं मालकाचं शेत, असंल काय तर कारन. त्या दगडाच्या ढिगाऱ्यासकट मारलो सगळं."

"आनि अलीकडचा बांध?"

"त्याला थेंब पडू दिला न्हाई. तुमीच म्हनलाव की."

भुवनेश्वरीच्या डोळ्यांपुढं तो दुपारचा बांध आला. मिटलेल्या कळ्या. कळ्या नव्हत्याच त्या, फुलंच होती. पाथरी सकाळी उन्हाबरोबर उमलते आणि दुपार चढली की मिटून घेते. एका फुलात किती फुलं असतात ते तिला पाठ होतं, पण सहा वर्षांत भर दुपारी बांधावर उभं राहून तिनं कधी पाहिलं नव्हतं. काल सकाळी अकराला पप्पू आला असता तर पाथरी गेली असती. तो जेवून आला.

ती धावत आत गेली. "त्यानं तो बांध मारलाच न्हाई! पाथरीला थेंब लागला न्हाई! पाज, मल्ली, पाज तिला!" डॉक्टरनं दोन प्रश्न विचारले आणि मान डोलावली. मल्लेश्वरीनं भिंतीकडं तोंड केलं, आणि दवाखाना एकदम शांत झाला. यल्लम्मा जमिनीवरच बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

मग मारलं कुठं, हे कुणी विचारलं नाही. जीव भांड्यात पडला की माणसाला भांडं कुणाचं ते सुचत नाही. आणि भुवनेश्वरीनंही सांगितलं नाही. आज एवढं पुरे, ती स्वतःला म्हणाली, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी यल्लम्मानं तिच्याशी बोलणंच टाकलं होतं, त्यामुळं उद्याचं परवावर गेलं. मल्ली रात्री वहिनीऐवजी आईला हाक मारत होती.

परवा म्हणजे पाळण्याचा दिवस. कोहिनूरची माणसं यायची होती. सकाळीच यल्लम्मानं काठी घेतली, परडी घेतली.

"आत्या, कुठं निघालाव?"

दोन दिवसांनी म्हातारी पहिल्यांदा बोलली, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. "पाळण्याला आज्जाची शेवंती बांधायची. त्यास्नी नात बघायची लई हौस हुती. ते न्हाईत, त्यांची फुलं तर असू दे."

भुवनेश्वरी तिच्या मागं निघाली. सांगायचं, आत्ता सांगायचं, असं करत शेत आलं. पूर्वेचा बांध उन्हात पूर्ण उमलला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा, जणू काही झालंच नाही. यल्लम्मा त्याच्याकडं न बघता पश्चिमेला वळली. लांबून शेवंतीही पिवळीच दिसत होती. जवळ गेल्यावर शेंडे दिसले, कुणीतरी धुणं पिळावं तसे पिळलेले, पानं आत वळलेली, फुलं माना टाकून लोंबत होती. यल्लम्माला लांबचं नीट दिसत नव्हतं. तिनं वाकून हात पुढं केला.

भुवनेश्वरीनं तो हात धरला. "त्याला हात लावू नगा, आत्या. औषध त्याला लागलंय."

आणि तिनं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. यावेळी आवाज चढवायची गरज नव्हती, शेतात त्या दोघीच होत्या. पप्पू काय म्हणाला ते सांगितलं. त्या दिवशी आपण इथं आलो, वास आला, तो इथलाच होता हे तेव्हा कळलं नाही, तेही सांगितलं.

यल्लम्मा दगडांपाशी खाली बसली. तिनं काठीनं एक शेंडा उचलून पाहिला आणि सोडून दिला. मग नवऱ्याच्या दगडांवर लोंबलेली फुलं काठीनंच एकेक बाजूला सारली. भुवनेश्वरी समोर उभी होती. मारलं तरी चालेल, आता बोला काहीतरी, असं तिला वाटत होतं.

"त्या दिवशी हितं येऊन काय केलीस तू?"

"रडले."

"आनि?"

"मामाला म्हनले, नातीला सांभाळा."

यल्लम्मानं मान वर केली. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचाच, कुऱ्हाडीचा. "मंग? सांभाळलं की त्यांनी. लेकरावरचं आपल्या अंगावर घेतलं."

भुवनेश्वरी खाली बसली आणि सासूच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली.

"गुडघा दुखतोय माझा," थोड्या वेळानं यल्लम्मा म्हणाली. "राग गेला न्हाई अजून, समजू नगंस. ऊठ. ही परडी घे, पाथरीची फुलं तोड. लवकर पाळना हलवा म्हनावं, दुपारी मिटून जात्यात ती."

अकराच्या सुमाराला पाळणा हलला. कोहिनूरहून आलेल्या एका बाईनं दोरीला बांधलेल्या पिवळ्या फुलांकडं पाहून नाक मुरडलं, शेवंती-झेंडू मिळाला नाही का, असं विचारलं. यल्लम्मानं तिच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या. मल्लेश्वरीनं बाळाला पाळण्यातून उचललं, एकदा आईकडं पाहिलं, आणि मग पाळण्यापाशी उभ्या असलेल्या वहिनीच्या हातात दिलं.

"धर गं वैनी," ती म्हणाली. "हिला तुझ्याकडंच गप बसायला येतंय."